सुमनअक्काचे चिनी पत्ते

लग्नपत्रिका हातात आली की सुमनअक्का नवरा-नवरीची नावं सगळ्यात शेवटी वाचायची. आधी ती पत्रिकेचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून वाकवून बघायची. कागद लगेच लवला तर "पातळ शे" म्हणून परत द्यायची. ताठ राहिला तर चेहरा उजळायचा. "हिचे आठ होतील," म्हणायची. आठ म्हणजे आठ पत्ते. मग लग्न कुणाचं, कधी, जेवायला काय, हे सगळं नंतर.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना होता. मी तिथे स्टोअर सांभाळायचे. अक्का पायपिंगमध्ये होती, म्हणजे चटईच्या कडेला कापडी पट्टी शिवायची. मूळची दोंडाईचाकडची, शिक्षण सातवी, वय तेव्हा पन्नाशीच्या एक-दोन वर्षं पुढे. साडीवर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात कात्री, आणि चष्म्याची तुटलेली दांडी पायपिंगच्याच हिरव्या पट्टीने बांधलेली. ऑफिसातल्या माणसांशी ती शहरातलं मराठी बोलायची. पण आनंद झाला, राग आला किंवा आपल्या माणसाशी बोलायचं असलं की तिची अहिराणी आपोआप बाहेर यायची. कुठलीही नवी गोष्ट समोर आली की तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पहिले देखू, मंग घाबरू." जिन्यात साप निघाला तेव्हाही ती हेच म्हणाली होती आणि खरंच वाकून बघायला गेली होती. आम्ही तोवर गच्चीवर.

हीच बाई पुढे चिनी अक्षरं वाचायला लागली. ते कसं झालं, ते सांगायचं तर शबानापासून सुरुवात करावी लागेल.

चटईची कड गरम रुळाखाली दाबून चिकटवणारं आणि वरून आपोआप धागा मारणारं एक मोठं मशीन कंपनीने चीनहून आणलं. ते बसवायला आलेला माणूस आठ दिवस राहून, खुणांनी सगळं दाखवून निघून गेला. पायपिंगच्या सहा बायकांना त्या मशीनवर घातलं. बटणांवर चिनी, पडद्यावर चिनी, मशीनसोबत आलेलं जाडजूड पुस्तकही चिनी. "तिसरं दाबलं की चालू, पाचवं दाबलं की बंद," असं पाठ करून काम चालायचं.

एका दुपारी चटई सरळ करताना शबानाचा उजवा हात रुळाखाली गेला. शबाना अक्काच्या शेजारी काम करायची, वय बावीस-तेवीस, वडील बाजारात हमाली करायचे. सुपरवायझर दिलीपभाऊने पलीकडून चटई पुढे सरकवणारा पट्टा थांबवला, पण गरम रूळ तिच्या बोटांवर तसाच टेकलेला होता. "वर घ्या, रूळ वर घ्या!" तो ओरडला. बटणांजवळ अक्का होती. शेजारीशेजारी दोन पांढरी बटणं. रोजच्या कामात त्यांना कधी हात लावावा लागत नसे, कारण रूळ आपोआप वरखाली व्हायचा. अक्काने एक बटण दाबलं.

रूळ आणखी खाली गेला.

मग तिने दुसरं दाबलं. मध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील. मी ओरडणं ऐकून स्टोअरमधून धावत आले, तेव्हा शबानाला दोघीजणी धरून बाहेर नेत होत्या आणि अक्का त्या दोन बटणांसमोर हात मागे घेऊन उभी होती, जणू ती बटणंच तापली होती.

शबानाचा हात वाचला, पण दोन बोटं ताठ राहिली. अक्काला कुणी बोल लावला नाही. शबानाच्या आईनेसुद्धा नाही. तेच तिला जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे स्टोअरमध्ये आली. हातात तिच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका होती. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर तिने बॉलपेनने ती दोन अक्षरं काढून आणली होती, लहान मूल चित्र काढतं तशी, खोल दाबून.

"मॅडम, तुमना मोबाइलमा हाई वाचता येस का?"

फोटोवरून भाषांतर करणारं ॲप माझ्या फोनमध्ये होतं. मी फोन त्या अक्षरांवर धरला. एकाखाली उमटलं 'वर', दुसऱ्याखाली 'खाली'.

अक्काने पत्रिका डोळ्यांजवळ धरली. एका अक्षरात आडवी रेष खाली होती आणि तिच्यावर काठी उभी होती. दुसऱ्यात आडवी रेष वर होती आणि काठी खाली लोंबत होती. बस, एवढंच.

"इतलं सोपं व्हतं?" ती म्हणाली. मग धाग्याच्या गोणीवर बसली. "मन्हा सामने लिखेल व्हतं, पोरी. माले वाचता उनं नही."

त्या दिवसापासून मी तिची मॅडम राहिले नाही, पोरी झाले. आणि त्या पत्रिकेतून कापलेले दोन तुकडे म्हणजे तिचे पहिले दोन पत्ते.

कंपनीने आठवड्याभरात बटणांवर मराठी चिठ्ठ्या डकवल्या. पण मशीनच्या उष्णतेने त्या सुटून यायच्या, आणि पडद्यावर तर दर वेळी नवीन काहीतरी उमटायचं. "पडद्याला चिठ्ठ्या कुठं कुठं लावणार?" अक्का म्हणाली. तिने पडद्यावर जे जे उमटेल ते उतरवून घ्यायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती माझ्याकडे यायची. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिका, माझ्याकडचे कोरे टॅग, जे ताठ असेल ते कापायची. पुढच्या बाजूला काळ्या स्केचपेनने चिनी अक्षर. मागच्या बाजूला देवनागरीत उच्चार, खाली अर्थ अहिराणीत आणि कोपऱ्यात एक चित्र. मग तो पत्ता स्वतःच्या शिलाई मशीनखाली घालून त्याच्या चारी कडांना उरलेली पायपिंग शिवायची. धोक्याच्या शब्दांना लाल कड, चालू-बंदच्या शब्दांना हिरवी, मशीनच्या भागांना निळी. त्यामुळे घामट, तेलकट हातांतून फिरूनही तिचे पत्ते फाटले नाहीत.

चित्रं तिची स्वतःची असायची. 'थांब' या अक्षरात डाव्या बाजूला माणूस आहे आणि उजव्या बाजूला छत असलेली टपरी, हे तिला दिसलं, आणि तिने मागे एसटीच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस काढला. 'चालू कर' या शब्दाचा उच्चार 'खाय' असा होतो हे कळल्यावर तर ती इतकी हसली की ठसका लागला. त्या पत्त्यामागे भाकरीचं चित्र होतं.

दिलीपभाऊ तिला 'चायनाबाई' म्हणायला लागला. "चायनाबाई, आज काय म्हणतंय मशीन?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं की फोन आहे तर हा उद्योग कशाला. मलाही खरं तर तसंच वाटायचं.

आमचं दोघांचं तोंड एका सकाळी बंद झालं. मशीन थांबलं आणि पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकायला लागली. दिलीपभाऊने फोन धरला. फोन म्हणाला, 'संपर्क तुटला'. मग काय, कुठली वायर निघाली ते शोधणं सुरू झालं. इलेक्ट्रिशियन आला, मागची झाकणं उघडली, मशीन विकणाऱ्या पुण्याच्या एजंटला फोन लावला. दीड तास गेला. अक्का बाजूला आपले पत्ते चाळत होती. शेवटी ती म्हणाली, "दिलीपभाऊ, यातलं दुसरं अक्षर मी आधी पाह्यलंय. धाग्याच्या खोक्यावर असतं ते. वायरीचं नाही, धाग्याचं आहे." ती मशीनच्या मागे गेली, कडेच्या रिळाखाली हात घातला आणि तुटलेलं टोक वर धरलं.

"धागा तुटना," ती म्हणाली. "संपर्क नही."

टोक जोडलं, मशीन चालू झालं. त्यानंतर दिलीपभाऊ तिला पुन्हा अक्का म्हणायला लागला. तिने त्या पत्त्यावर मात्र फोनचा अर्थही लिहून ठेवला आणि त्यावर काट मारली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "फोनले शब्द माहीत शे, आपलं मशीन माहीत नही. त्याची चूक नही."

उच्चारांची अडचण होती. फोन बोलून दाखवायचा, पण अक्काला त्यातले चढउतार कळायचे नाहीत. असोद्याची एक मुलगी, पल्लवी, चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आली होती आणि इथली परीक्षा देण्यासाठी घरी अभ्यास करत होती. ती माझ्या मावसबहिणीची मैत्रीण. मी ओळख करून दिली. अक्का तीन रविवार बसने असोद्याला गेली. पहिल्या रविवारी मी सोबत होते. पल्लवीच्या घरी ओट्यावर केळीचे घड उतरवलेले होते, तिचे आजोबा त्यांच्यावर पाणी मारत होते, आणि या दोघी ओसरीवर पत्ते मांडून बसल्या होत्या.

"अक्का, हे बघा, 'माय' आवाज खाली नेऊन पुन्हा वर उचलून म्हटलं तर विकत घेणं, आणि वरून झटकन खाली टाकलं तर विकणं," पल्लवी म्हणाली.

अक्काने दोन्ही म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. मग आजोबांकडे वळून म्हणाली, "आबा, आठे तं मायले विकत बी नही आन लेत बी नही. हाई कसं काय जमाडावं?"

आजोबा म्हणाले, "तू म्हण ना बाई. गाण्यासारखं म्हण. आपल्या बायका जात्यावर म्हणायच्या की नाही चढवून उतरवून?"

तिथून तिला वाट सापडली. ती उच्चारावर बाण काढायला लागली, वर जाणारा, खाली येणारा, मध्ये खचलेला. कामावर ती शब्द म्हणायची तेव्हा तिची हनुवटी त्या बाणाबरोबर वरखाली व्हायची. नवीन बायकांना वाटायचं, हिला मानेचा काही त्रास आहे.

मशीनच्या अंगावर एक पिवळं स्टिकर होतं. त्यातल्या एका अक्षराचा अर्थ पल्लवीने तिला फोड करून सांगितला होता. वर छप्पर, खाली बाई. छपराखाली बाई, म्हणजे सुरक्षित. अक्काने तो पत्ता केला, लाल कड शिवली, पण चित्र काढायला तिला दोन दिवस लागले. मी कारण विचारलं.

"ज्याने हे अक्षर काढलं ना, त्याने मन्हं घर देखेल नही," ती कात्री पुसत म्हणाली. "मी छप्पर सोडीसन कामाले उनी, तव्हय सुखी व्हयनी." तिने शेवटी कारखान्याचं पत्र्याचं छप्पर काढलं आणि त्याखाली एक बाई, शर्ट घातलेली.

शबानाला घरी बसून दोन महिने होऊन गेले होते. एके दिवशी अक्का माझ्याकडे पुठ्ठा शोधायला आली. मी म्हटलं, वरच्या फळीवर बघ, रिकामी खोकी असतील. ती स्टुलावर चढली आणि बराच वेळ खाली उतरलीच नाही.

"पोरी," ती वरून म्हणाली, "हाई काय शे?"

ते एक लांबट, जड, बंद खोकं होतं. मशीन बसवणारा माणूस परत गेल्यावर महिनाभराने दुसऱ्या ट्रकमधून आलेलं. त्यावर चिनीशिवाय काही नव्हतं. मीच ते उतरवून घेतलं होतं, मीच त्यावर मार्करने 'चायना, इतर' असं लिहिलं होतं आणि मीच ते वर टाकलं होतं.

अक्काने खिशातून पत्त्यांचा जुडगा काढला, एक पत्ता खोक्याला लावून धरला. एकदा पत्त्याकडे, एकदा खोक्याकडे. "छप्परखाले बाई शे," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी ते खाली उतरवून उघडलं. आत पिवळी जाळी होती, आणि कापसात गुंडाळलेले दोन काळे डोळे, म्हणजे सेन्सर, हात आत गेला की रूळ वरच अडवून ठेवणारे. आम्हाला ते तेव्हा नेमकं कळलं नाही. पण कशासाठी आहे, ते कळलं.

मी खाली बसले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अक्का, हे तीन महिने इथे होतं. शबानाच्या आधीपासून."

ती मला काय म्हणेल याची मला भीती वाटत होती. ती माझ्याशेजारी बसली. दोन बटणांपुढे उभी असताना तिला जे वाटलं होतं ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मीबी वाचू शकली नही, तूबी नही. आते वाचं ना आपण? चाल, ऊठ. साहेबांकडे मी बोलते."

आणि ती बोलली. मॅनेजर साहेबांच्या टेबलावर तिने ते खोकं ठेवायला लावलं आणि सांगितलं, हे बसेपर्यंत त्या मशीनवर आमच्यातली एकही बाई जाणार नाही. मागे बाकीच्या चौघी उभ्या होत्या. साहेबांनी त्याच दिवशी चिनी कंपनीच्या इंजिनियरला बोलावणं पाठवलं.

तो आला पंधरा दिवसांनी, चेन नावाचा एक तरुण मुलगा, सोबत दुभाषा. दुभाषाला हिंदी छान येत होतं, चिनीही येत होतं, पण मशीनमधलं काही कळत नव्हतं. तो पाच मिनिटं बोलायचा आणि चेन डोकं खाजवायचा. अक्का पुढे झाली. तिने बाकड्यावर तीन पत्ते ओळीने मांडले. हात. खाली. थांब. मग स्वतःचा हात रुळाच्या दिशेने नेला, आणि थांबवला.

चेनने पत्त्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हाओ, हाओ," तो म्हणाला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ बरं, ठीक.

"हाव हाव," अक्का म्हणाली. खान्देशात त्याचा अर्थ होय.

दुभाषाला वाटलं दोघं एकाच भाषेत बोलतायत. पुढचे दोन दिवस ती दोघं बहुतेक याच एका शब्दावर काम करत होती. जाळी बसली, डोळे बसले. चेनने लाकडाची फळी आत सरकवून दाखवली. रूळ वरच राहिला. अक्काने त्याला ते दहा वेळा करायला लावलं. मग अकराव्यांदा तिने फळी बाजूला ठेवली आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःचा हात आत घातला. दिलीपभाऊ किंचाळला. रूळ वर होता तिथेच राहिला.

"आते शबानाले बलावा," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत चेनने सगळे पत्ते तपासले, मास्तरांसारखे. 'हात' या अक्षराचं खालचं आकड्यासारखं टोक तिने उलट्या बाजूला वळवलं होतं, ते त्याने दुरुस्त केलं. एसटीच्या थांब्याचा पत्ता त्याला फार आवडला. दुभाषाकरवी त्याने तो मागितला. अक्का सरळ नाही म्हणाली. "हा कामाचा आहे. त्याला सांगा, दुसरा करून देते." आणि अर्धा तास बसून, हिरवी कड शिवून, तिने त्याला नवा करून दिला. या वेळी माणसाच्या हातात पिशवीऐवजी पाना होता.

शबाना परत आली तेव्हा तिने मशीनकडे पाठ करून उभं राहायचं ठरवलेलं होतं. "अक्का, मेरे से नहीं होगा," ती म्हणाली. "पॅकिंगमें डाल दो मुझे." अक्काने आग्रह केला नाही. तिला पॅकिंगमध्ये जाऊ दिलं. फक्त रोज डबा खाताना ती एक पत्ता शबानासमोर ठेवायची. शबाना उर्दू वाचायची, त्यामुळे नवीन लिपीची तिला भीती नव्हती. पहिले दोन पत्ते मात्र अक्काने शेवटपर्यंत दाखवले नाहीत. शबानानेच एकदा जुडग्यातून ते ओढून काढले.

"ये वोही है ना?"

"हाव."

शबानाने एकेक पत्ता उलटून मागची बाजू पाहिली. ताठ बोटांनी पत्ता धरणं तिला अवघड जात होतं, तरी तिने डाव्या हातात घेतला नाही. मग म्हणाली, "आपने जानबूझके थोड़ी दबाया था."

अक्काने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. शबानाला वाईट वाटू नये म्हणून अक्का तीन महिने दर रविवारी संध्याकाळी तिच्या घरी खिचडी घेऊन जात होती, पण त्या गोष्टीबद्दल दोघींमध्ये बोलणं झालं ते हे एवढंच. पुढच्या महिन्यात शबाना मशीनवर आली. आणखी सहा महिन्यांनी पडद्यासमोरची खुर्ची तिची झाली, आणि पडदा वाचायला तिला अक्काची गरज उरली नाही.

माझ्या नवऱ्याची बदली धुळ्याला झाली आणि मी नोकरी सोडली. अक्काची खबर अधूनमधून यायची. कंपनीने तिचे पत्ते छापून घ्यायचं ठरवलं, पण छापलेल्यांवर चित्रं नव्हती म्हणून बायकांनी ते वापरलेच नाहीत, हेही कळलं.

मागच्या उन्हाळ्यात ती मला धुळ्याच्या बसस्टँडवर भेटली. दोंडाईचाला भावाकडे निघाली होती. धुळ्यातल्या एका कारखान्याने तिला चार दिवसांसाठी बोलावलं होतं, तिथल्या बायकांना शिकवायला. केस बरेच पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. मी म्हटलं, आता तर तुला मशीनवरचं सगळंच वाचता येत असेल.

"कसलं काय!" ती उत्साहाने म्हणाली. "अवं, तठे एक नवीनच मशीन उनेल शे. मी डौल करीसन पुढे गयी, आन एक अक्षर वाचता येईना. चायनानं नहीच ते. दुसऱ्याच मुलखानं. गोल शेतस, काठ्या शेतस. इतलं देखणं शे, पोरी!"

"मग?"

"मंग काय. पहिले देखू."

तेवढ्यात दोंडाईचाची गाडी लागली. ती माणसांमधून वाट काढत चढली, खिडकीजवळची जागा धरली. मी खाली उभी राहून हात वर केला. पण तिचं लक्ष नव्हतं. खिडकीच्या काचेवर उन्हाळ्याची धूळ बसली होती, आणि ती त्या धुळीत बोटाने काहीतरी काढत होती. आधी एक गोळा. थांबून, मान तिरपी करून तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारी एक उभी काठी ओढली. गाडी सुरू झाली तेव्हा तिचे ओठ हलत होते. त्या अक्षराचा आवाज काय असेल, ते ती एकेक करून म्हणून बघत होती.